लाल सरगुंडे

सुलोचनाबाई एकोडीहून आल्या, त्या काखेत रिकामी पिशवी घेऊनच. हे रीताच्या नजरेतून सुटलं नाही. एका हातात आंब्यांची टोपली, दुसऱ्या हातात स्टीलचा डबा आणि काखेत घडी घातलेली निळी पिशवी. अक्तीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सणाला कुणी पाहुणा रिकामी पिशवी घेऊन येत नाही. धाकट्या जावेची आई असल्या म्हणून काय झालं, रीताने मनातल्या मनात पदर खोचला आणि तोंडाने गोड म्हणाली, "या मावशी. ऊन लय झालं न? पाणी आणते."

"पाणी मंग देजो. पयले माहा मिठ्ठू कुठी हाय ते सांग."

मिठ्ठू मागाच्या खोलीत होता. दिवाळीच्या तोंडावर रीताचे सासरे भैय्यालाल गेले तेव्हापासून सोनकुसऱ्यांच्या घरातला तो शेवटचा माग बंद होता, पण त्याच्याखालची जागा पाच वर्षांच्या नातवाने ताब्यात घेतली होती. धागा गुंडाळायच्या रिकाम्या कांड्या एकापुढे एक लावून त्याने मालगाडी केली होती आणि ती वरठीच्या स्टेशनावर सिग्नलला थांबली होती. सुलोचनाबाईंनी त्याला मागाखालून ओढून काढलं, उचललं, काखेत धरून तोललं आणि तिथूनच ओरडल्या, "कीर्ते, इकडे ये! पाय आपल्या लेकराले! कोंबडीच्या पिल्लावाणी हलकं लागून राहिलं!"

कीर्ती स्वयंपाकघरात आंबे पिळत होती. तिने हात धुतले नाहीत, वर पाहिलंही नाही. "ताई," ती रीताला हळूच म्हणाली, "आई त्याले न्यायले आली."

"मले दिसते न. पिशवी पाहिली मी."

"मंग आता?"

"आता काही नाई. तू रस कर. परवा तुले नागपूरची गाडी पकडायची हाय, ते पाय."

रीताचा आवाज असा होता की कीर्ती खरोखरच पुन्हा आंब्याकडे वळली. या घरात रीताचा आवाज एकदा असा लागला की कुकरची शिट्टीही जरा दबकून वाजायची. पण आतून तिला ठाऊक होतं की आजचा दिवस सोपा नाही.

कीर्ती नर्स होती. नागपूरच्या एका मोठ्या दवाखान्यात अपुऱ्या दिवसांच्या बाळांना कसं सांभाळायचं याचं वर्षभराचं शिक्षण आता सुरू व्हायचं होतं, त्यासाठी तिची निवड झाली होती. शनिवारी घरी यायचं, सोमवारी परत जायचं. नवरा अंकुश वरठीच्या कारखान्यात पाळीवर. राहिला मिठ्ठू. तेव्हा रीता भर जेवणात उठून म्हणाली होती, "तू जा. पोट्ट्याचं मी पाहते." कुणी विचारलं नव्हतं, कुणी सुचवलं नव्हतं. तिचं तिलाच वाटलं. तिची लेक नीतू अंगावर पीत होती तेव्हा रीताचाही नागपूरला डी.एड.ला नंबर लागला होता. त्या वेळी घरातलं एकही माणूस म्हणालं नाही की तू जा, आम्ही पाहतो. कुणी अडवलं नाही, कुणी रागावलं नाही, नुसतं कुणी बोललं नाही आणि तारीख निघून गेली. ती गप्प बसलेली माणसं रीताला आजही एकेक करून आठवत होती. कीर्तीच्या बाबतीत तसं होऊ द्यायचं नाही, एवढंच तिने धरलं होतं आणि त्यासाठी ती कुणाशीही भांडायला तयार होती.

तेव्हापासूनच मिठ्ठूचं जेवण तिने हाती घेतलं होतं. अडचण एवढीच होती की मिठ्ठू जेवत नव्हता.

नीतू जेवायला बसली की ताट चाटून पुसून द्यायची, त्यामुळे रीताला वाटायचं की लेकरं जेवतातच. मिठ्ठूने तिला धडा दिला. वरणाला भाताचा स्पर्श झाला की त्याचं जेवण संपलं. भाजीत सांभार, म्हणजे कोथिंबीर, दिसला की संपलं. कुणाच्यातरी वाढदिवसाला त्याने एकदा मॅकरोनी खाल्ली, तेव्हापासून पांढरी मॅकरोनी, वर लोणी, बाकी काही नाही. सासूबाईंनी कपाळाला हात लावला. अंकुश म्हणाला, "मारून मुटकून खाऊ घाला." रीताने मारलंही नाही आणि मुटकलंही नाही. ती मॅकरोनीच्या मागे लागली. आधी लोण्यात चमचाभर उकडलेलं लाल कोहळं, म्हणजे लाल भोपळा, घोटलं. रंग जरासा बदलला, मिठ्ठूने भुवया वर केल्या, पण खाल्लं. मग टमाटर आलं. मग मसुराची डाळ अशी गळेस्तोवर शिजवली की ती डाळ आहे हे डाळीलाही कळू नये. लसूण आला. पुढे पाकिटातली मॅकरोनी थोडी कमी आणि घरचे सरगुंडे थोडे जास्त, असं करत करत पाकीटच बंद झालं.

सरगुंडे वळायला तर मिठ्ठूच पुढे. कणकेची बारीक दोरी काडीवर गुंडाळायची, अलगद ओढून काढायची, की स्प्रिंगसारखा वेटोळा सरगुंडा तयार. दुसऱ्यांच्या घरी त्याला झाडूची नाहीतर तुरीची काडी लागते, विणकराच्या घरी कांडी. धागा गुंडाळणारा हात कणीकही तसाच गुंडाळतो. यंदा आजीच्या मांडीला टेकून मिठ्ठूनेही सूपभर वळले होते, वाकडेतिकडे, काही तर नुसत्याच गाठी.

म्हणजे पोरगं आता कोहळं खात होतं, डाळ खात होतं, गहू खात होतं. फक्त एक अट होती. जेवताना त्याच्याकडे कुणी पाहायचं नाही. पाहिलं की त्याचं तोंड शिवल्यासारखं बंद. रीता त्याची वाटी ठेवायची आणि पाठ करून भांडी घासायला बसायची. मागे वळली की वाटी रिकामी.

आता हे सुलोचनाबाईंना सांगायचं कसं?

सांगून पाहिलंच तिने. पंगतीची तयारी चालली होती, तेव्हा सुलोचनाबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "मी सरळ बाई हाय. आज माह्या डोळ्यासमोर या पोरानं पोटभर खाल्लं, तर मी मुकाट जातो. नाई खाल्लं, तर त्याले एकोडीले नेतो. घरच्या म्हशी हायत, दूध हाय, तलावाची मासोळी हाय."

"मावशी, तो खाते. पण त्याच्याकडे पाहिलं की नाई खात."

"वा! कोणी पाहिलं नाई तवा खाते! मंग खाल्लं हे कोणं पाहिलं?"

सगळे हसले. रीताचा नवरा हेमराजसुद्धा हसला, आणि ते तिने बरोबर लक्षात ठेवलं. जास्त लागलं ते वेगळंच. सासूबाई विमलाबाई, ज्या इतके दिवस या बाजूला होत्या, त्या पानाला चुना लावता लावता म्हणाल्या, "ईनबाई म्हणतात ते खोटं नाई, रीता. माहे आता हातपाय चालत नाईत. तू एकटी घरचं दुकान पाहशील का त्याले पाहशील? जाऊ दे न वर्षभर."

"आई, तुम्हीपण?"

"मी लेकराच्या भल्याचं बोलून राहिली."

कीर्ती दारात उभी होती. तिचा चेहरा रीताने पाहिला आणि तिला कळलं की ही आता कच खाणार. आपल्यापायी पोराला घर सोडून एकोडीला जावं लागतंय म्हटलं की कीर्तीचा पाय नागपूरला पडणारच नव्हता. ती घरीच बसली असती, आणि पुढे कधी कुणी विचारलं असतं तर म्हणाली असती, जमलं नाही. रीताला तो शब्द पाठ होता.

"जेवणं तर होऊ द्या," रीता म्हणाली. "पंगत उठायच्या आधी कोणाचाच निकाल लागत नाई."

पण जेवणं होईनात. भैय्यालाल गेल्यानंतरची ही पहिली अक्ती. पितरांना घास गेल्याशिवाय घरात कुणी तोंड हलवायचं नाही. विस्तवावर तूप-गूळ घालून झालं, पाण्याने भरलेली घागर पुजून झाली, आणि विमलाबाईंचे धाकटे दीर टिकाराम यांनी पळसाच्या पत्रावळीवर सगळं वाढून ती मागच्या अंगणात पेरूखालच्या ओट्यावर ठेवली. आमरस, त्यात बुडवलेले सरगुंडे, कुरडई, वडा, कढी. सगळे परसदारी येऊन उभे राहिले. समोर माग-खोलीच्या टिनावर कावळा बसला होता. त्याने एकदा पत्रावळीकडे पाहिलं, एकदा टिकारामकडे पाहिलं आणि चोच टिनावर घासत बसला.

"या भाऊ," टिकाराम हात जोडून म्हणाले. "घ्या. काही राग हाय का मनात?"

कावळा सरकला. सगळे पुढे झुकले. तो नुसताच सरकला होता.

"दुकानाची काळजी हाय का? हेमराज अन् रीता पायतात. माग? माग चालू करतो. शब्द देतो."

हेमराजने चमकून काकांकडे पाहिलं. माग कोण चालू करणार हे काकांनी सांगितलं नव्हतं.

"कुरडई पुढे सरकवा," विमलाबाई म्हणाल्या. सरकवली. "वडा मोडून ठेवा." मोडून ठेवला. "पाणी ठेवलं का? भाऊजी, जरा मागे व्हा, त्याले भेव वाटत असंल." सगळे एक एक पाऊल मागे झाले. उन्हात डोकी तापली, पण कुणाची कुरकुर नाही. मेलेल्या माणसाची मर्जी सांभाळायला सारं घर चवड्यावर उभं होतं.

आणि त्याच वेळी, त्याच परसदारी, सुलोचनाबाईंनी डबा उघडला. लेकराला कसला आलाय पितरांचा नेम, असं म्हणून त्यांनी मिठ्ठूला दोन गुडघ्यांमध्ये धरला. डब्यात तूप घातलेली मुगाची खिचडी होती, चांगली होती, प्रेमाने केलेली होती. "खा रे बापा. आ कर. आ." मिठ्ठूने ओठ मिटले. "अंकुशराव, जरा हात धरा त्याचे." जावयाने हात धरले. सुलोचनाबाईंनी नाक दाबलं, तोंड उघडलं, घास गेला. पुन्हा नाक, पुन्हा घास. तिसऱ्या घासाला सगळं उलटून बाहेर आलं, नव्या शर्टावर आणि सुलोचनाबाईंच्या लुगड्यावर. मिठ्ठू रडलाही नाही. हात सुटले तसा तो उठला आणि पेरूच्या झाडामागे जाऊन बसला.

रीताचं डोकं सणकलं.

"थांबा," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण टिकारामचे जोडलेले हात सुटले. "काकाजी, केव्हापासून तुम्ही त्या कावळ्याले विचारून राहिले, काय पाहिजे, कशाचा राग हाय? कुरडई सरकवली, वडा मोडला, भेव वाटते म्हणून मागे सरले. आणि ह्या जित्त्या लेकराले? त्याचं नाक दाबून राहिले तुम्ही! मेलेल्याले विचारता आणि जित्त्याले कोंबता. हा कुठला न्याय हाय, मले सांगा."

अंकुशने हात मागे नेले, जसे काही ते त्याचे नव्हतेच. सुलोचनाबाई ओल्या पदराने लुगडं पुसत होत्या, त्यांचा हात तिथेच थांबला.

विमलाबाई पत्रावळीकडे पाहत होत्या. त्या म्हणाल्या, "हा रस कोणं वाढला?"

"मी," टिकाराम म्हणाले. "अक्तीले रसच असते न वहिनी."

"त्यांनी जन्मात कधी रस खाल्ला का?" विमलाबाईंचा आवाज चढला. "गोड म्हटलं की त्यांच्या कपाळाले आठी. अक्तीले त्यांची वाटी माह्या ताटाखाली सरकवत होते, तुमच्या आईले कळू नये म्हणून. मी खात होती दोघांचा. आणि मंग राती... नाई, राती नाई, तिसऱ्या पहरी, सारे झोपले की मले उठवत होते. विमल, तिखट कर थोडे. मी उरलेले सरगुंडे मसुराच्या वरणात टाकत होती, लसणाची फोडणी देत होती. ते खात होते." त्यांच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता. "मीच इसरली. वर्षसुद्धा झालं नाई आणि मीच इसरली, बाप्पा."

रीताने वाट पाहिली नाही. गॅसवर सकाळपासून एक पातेलं झाकून ठेवलेलं होतं. मिठ्ठूसाठी केलेला तो रस्सा, कोहळ्याचा, टमाटरचा, घोटलेल्या मसुराचा, लसणाचा. तिने तो गरम केला, मिठ्ठूच्या हातचे वाकडेतिकडे सरगुंडे त्यात टाकले, वरून चमचाभर तूप सोडलं आणि नव्या पत्रावळीवर वाढून आणलं. विमलाबाईंनी वाकून वास घेतला.

"हेच," त्या म्हणाल्या. "कोहळं नव्हतं. पण हेच."

रसाची पत्रावळ उचलली आणि लाल सरगुंड्यांची पत्रावळ, कढीच्या वाटीसकट, ओट्यावर गेली. कावळा मात्र माणसांच्या गोंधळाला कंटाळून उडाला होता आणि पलीकडच्या बोळातल्या विजेच्या तारेवर जाऊन बसला होता. टिकारामने एक सरगुंडा उचलला आणि बोळाकडच्या भिंतीवर ठेवला, तो दिसेल असा. "या भाऊ! तिखट हाय! वहिनीनं ओळखलं!" सगळं घर त्या भिंतीकडे वळलं. विमलाबाई, अंकुश, हेमराज, हाताचा आडोसा करून तारेकडे पाहणाऱ्या सुलोचनाबाई, सगळ्यांच्या पाठी ओट्याकडे.

रीता पाण्याचा तांब्या घेऊन मागे राहिली होती, म्हणून तिला दिसलं. पेरूच्या झाडामागून एक हात आला. तो पत्रावळीवरून फिरला, एक गाठाळलेला सरगुंडा त्याने निवडला, आणि झाडामागे गेला. थोड्या वेळाने पुन्हा आला.

पितराच्या पानातलं, कावळा शिवायच्या आधी! सासूबाईंना कळलं तर सणाचं वाटोळं, आणि सुलोचनाबाईंना कळलं तर पिशवी भरलीच. हाक मारायला रीताने तोंड उघडलं. तेवढ्यात मिठ्ठू झाडामागून पुरता बाहेर आला, ओट्याला टेकून बसला आणि दोन्ही हातांनी जेवायला लागला. शांतपणे, मन लावून, भुकेल्या माणसासारखा. कुणी पाहत नव्हतं न.

रीताने तोंड मिटलं. मग पुन्हा उघडलं. "काकाजी," ती खणखणीत आवाजात म्हणाली, "तुम्ही बोलवणं काहून थांबवलं? बोलवा न. आणखी बोलवा!"

"या भाऊ!"

"जोरात! कीर्ती, तूपण बोलव. मामाजीची लाडकी होती न तू?"

"या मामाजी," कीर्ती म्हणाली आणि तिला रडूच आलं. "या, घ्या."

"मावशी, तुम्हीपण बोलवा. ईवाई होते न तुमचे?"

"या बाप्पा ईवाई," सुलोचनाबाई तारेकडे पाहून मनापासून म्हणाल्या. "पोरं ताटकळली. या."

कावळ्याने पंख झाडले आणि तो सरळ मोठ्या बाजाराच्या दिशेने उडून गेला. टिकारामचा हात हवेतच राहिला. निराश होऊन ते वळले आणि ओरडले, "अरे! पान तर रिकामं हाय! कवा आला होता?"

सगळे वळले. ओट्याला टेकून मिठ्ठू बसला होता. हनुवटीपर्यंत लाल. बोटं चाटत होता. इतके डोळे एकदम अंगावर आले तसा त्याचा हात तोंडातच थांबला.

"माय वं!" सुलोचनाबाईंनी कपाळावर हात मारला. "पितराचं पान उष्टावलं!"

टिकारामने डोळे मिटून काहीतरी पुटपुटायला सुरुवात केली. अंकुश पोराकडे धावला, पण विमलाबाईंनी नुसता हात आडवा केला. त्या चालत ओट्यापाशी गेल्या, गुडघे धरून नातवाशेजारी खाली बसल्या आणि पत्रावळ पाहिली. एक तुकडा नव्हता. कढीला मात्र हात लावला नव्हता, वाटी तशीच बाजूला सरकवलेली होती.

"मिठ्ठू," त्या म्हणाल्या. "आबाजीचं होतं न रे ते?"

"मीच वळले होते," मिठ्ठू म्हणाला. मग थोडा विचार करून, "तो कावळा खात नव्हता."

विमलाबाई हसल्या, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, ते त्यांनी पुसलं नाही. "नाई खाणार तो. कायले खाईल? ज्याचं होतं त्यानं खाल्लं." त्या वळल्या. "भाऊजी, हात खाली करा. घास पोचला. पानं वाढा आता साऱ्यांची."

"पण वहिनी, कावळा..."

"माहा नवरा होता का तुमचा?"

टिकारामने हात खाली केला. हेमराज पहिल्यांदा हलला तो पत्रावळी आणायला, आणि जाता जाता बायकोकडे पाहून असा हसला की रीताने मघाचं हसणं त्याला माफ करून टाकलं. निदान जेवण होईपर्यंत.

सुलोचनाबाई मात्र अजून उभ्याच होत्या. रीता त्यांच्यासमोर गेली. आता बाई म्हणतील, एक दिवस खाल्लं, उद्याचं काय. तिने उत्तर तयार ठेवलं होतं. पण सुलोचनाबाई रिकाम्या पत्रावळीकडे पाहत होत्या, मग मिठ्ठूच्या लाल हनुवटीकडे, मग आपल्या लुगड्यावरच्या खिचडीच्या डागाकडे.

"त्यात डाळ होती का वं?" त्यांनी विचारलं.

"होती. आणि कोहळंपण."

"कोहळं!" सुलोचनाबाई म्हणाल्या. "कीर्तीच्या बापानं जन्मात कोहळं नाई खाल्लं."

त्या आत गेल्या. रीता त्यांच्यामागून गेली. बाजेखालून त्यांनी निळी पिशवी ओढली. ती रिकामी नव्हती. सकाळी सगळे आंब्यांच्या मागे असताना त्यांनी मिठ्ठूचे कपडे केव्हाच भरून ठेवले होते. आता त्या एकेक काढून खाटेवर ठेवू लागल्या. शर्ट, बनियन, झोपायची चड्डी. रीताने मदतीला हात पुढे केला नाही, ती पाहतही राहिली नाही. ती दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी राहिली, तोंड अंगणाकडे, जशी ती मिठ्ठू जेवताना पाठ करायची.

पाठीमागून सुलोचनाबाईंचा आवाज आला.

"या चड्डीचं इलॅस्टिक ढिल्लं झालं हाय. बदलवून घेजो. आता त्याचं अंग भरंल, पण अजून वेळ हाय."

"घेते, मावशी."

"आणि कीर्तीले सांग, परवा तिले गाडीत बसवून देऊनच मी एकोडीले जातो."